सातशे

एअरबस ए-३२० च्या समोरच्या काचेखाली, दोन्ही वैमानिकांच्या मधोमध, हात लांबवला की सहज पोहोचेल अशी एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर चार नॉब. डावीकडून पहिला वेगाचा, दुसरा दिशेचा, तिसरा उंचीचा आणि चौथा चढण्या-उतरण्याच्या दराचा. शेवटचे दोन शेजारी शेजारी. उंचीच्या नॉबने विमानाला सांगायचं, अमुक फुटांवर जाऊन थांब. दराच्या नॉबने सांगायचं, मिनिटाला अमुक फूट या गतीने खाली ये. दोन्हींत आकडाच भरायचा आणि दोन्ही आकडे फुटांतलेच. आकडा भरून नॉब आपल्याकडे ओढला की हुकूम लागू.

१४ फेब्रुवारी १९९० ला दुपारी इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान मुंबईहून बंगळूरला पोहोचत होतं. आत १४६ माणसं. हवा स्वच्छ, धावपट्टी डोळ्यांसमोर. विमान जेमतेम दोनेक महिन्यांपूर्वी ताफ्यात आलेलं, म्हणजे अगदी कोरं करकरीत. डाव्या खुर्चीत जो कॅप्टन होता त्याची या विमानावरची तपासणी चालू होती. अशा दहा फेऱ्यांपैकी त्याची ही पहिली. उजव्या खुर्चीत त्याची परीक्षा घेणारा, त्याच्याहून या विमानात मुरलेला दुसरा कॅप्टन. उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट ठेवायचा असं कॉकपिटमध्ये ठरलं. आकडा भरण्याचं काम उजवीकडच्याचं.

चौकशी न्यायालयाचा निष्कर्ष असा, की जमिनीला पहिला स्पर्श होण्याच्या सुमारे ३५ सेकंद आधी त्याचा हात चौथ्या नॉबऐवजी तिसऱ्यावर गेला असावा. मिनिटाला ७०० फूट या दराऐवजी ७०० फूट ही उंची भरली गेली.

बंगळूरचा तो जुना एचएएल विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण २,९०० फुटांवर आहे. विमानातली ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. म्हणजे विमानाला जो हुकूम मिळाला तो जमिनीच्या पोटात दोन हजार फूट खोल जाऊन थांबण्याचा होता. यंत्राला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्ताच्या उंचीपेक्षा कमी आकडा दिला आहे, तर इंजिनं मंद करून उंची उतरवायची, एवढंच त्याला शिकवलेलं. इंजिनं मंद झाली. वैमानिकांच्या भाषेत याला ‘आयडल ओपन डिसेंट’ म्हणतात. उंच आभाळात ही पद्धत उत्तम, इंधन वाचतं. धावपट्टी समोर आलेली असताना तिच्याइतकी वाईट दुसरी नाही.

पुढे जे झालं ते सावकाश सांगायला हवं, कारण प्रत्यक्षात ते भराभर झालं. डावीकडचा कॅप्टन हाताने विमान उडवत होता. विमान ठरल्या वाटेच्या खाली जातंय असं दिसलं की तो नाक थोडं वर घेई. नाक वर घेतलं की वेग कमी होतो, आणि तो भरून काढायला इंजिनांनी जोर लावायला हवा. पण इंजिनं हुकुमाप्रमाणे मंदच राहिलेली. १३२ नॉट (ताशी सागरी मैल) असायला हवा होता तो वेग घसरत घसरत १०६ वर आला. मध्येच उजवीकडच्याला उमगलं आणि तो बोललाही, की आपण एवढा वेळ आयडल ओपन डिसेंटमध्येच उतरतोय. त्यातून बाहेर पडण्याची एक वाट म्हणजे दोघांच्याही समोरचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यायचं ते पडद्यावर दाखवणारे मार्गदर्शक, बंद करणं. तसं केलं की स्वयंचलित थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारी यंत्रणा, आपोआप वेग सांभाळू लागतो. एकाचा बंद झाला, दुसऱ्याचा राहिला. दोन्ही बंद झाल्याशिवाय यंत्र ते मोजत नाही. संगणकाचा आवाज चारशे, तीनशे, दोनशे असे फूट पुकारत राहिला. थ्रॉटलचे दांडे हाताने पुढे ढकलले गेले तेव्हा इंजिनांना जोर धरायला लागणारी काही सेकंदं उरली नव्हती. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात टेकलं, उसळलं, बांधावर आदळलं आणि पेटलं. ९२ माणसं गेली, ५४ वाचली.

अहवालात कारण म्हणून जे लिहिलं आहे त्याचा आशय असा: विमान कोणत्या अवस्थेत आहे हे कळूनही, उंचीचे पुकारे कानांवर पडूनही, वैमानिकांना प्रसंगाचं गांभीर्य उमगलं नाही आणि त्यांनी थ्रॉटल तत्काळ पुढे केले नाहीत. हे खरं आहे. त्यातला एकही शब्द खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. पण त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे, आणि मी अनेकदा फिरून तिथेच येते. दराचा आणि उंचीचा नॉब एकमेकांच्या जवळ आहेत, असं ते साधं वाक्य. लोकांच्या लक्षात पहिलं वाक्य राहिलं. मला वाटतं, शिकण्यासारखं जे काही आहे ते या दुसऱ्या वाक्यात आहे.

मी विमानक्षेत्रातली नाही. कारखान्यांतल्या मशिनची कंट्रोल पॅनेल बसवणं, त्यांची वायरिंग, त्यांच्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. अपघातांचे अहवाल वाचायची सवय तिथूनच लागली. विमानांच्या अहवालांकडे वळले, कारण एवढ्या बारकाईने, सेकंदा-सेकंदाचा हिशेब देऊन दुसऱ्या कुठल्याच क्षेत्रात लिहीत नाहीत. आपल्याकडच्या एमआयडीसीत अपघाताचा जो फॉर्म भरतात, त्यात कारणाचा रकाना बोटभर रुंदीचा असतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पाहिलेला असाच एक फॉर्म मला अजून दिसतो. हायड्रॉलिक प्रेसवर डाय (साचा) बदलताना एका हेल्परच्या दोन बोटांची पेरं गेली. मशिनवरचा ऑपरेटर मुरलेला होता, नव्या पोरांना काम शिकवणारा. सगळे त्याला मामा म्हणत. पॅनेलवर एकाच मापाची दोन हिरवी बटणं, मध्ये दोन बोटांचं अंतर. एकाने तयार जॉब बाहेर ढकलला जाई, दुसऱ्याने दाब देणारा रॅम खाली येई. मामांनी स्वतः कधीतरी त्यातल्या रॅमच्या बटणाच्या कडेला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली होती, म्हणजे न बघताही बोटाला कळावं. कुठल्याशा ऑडिटच्या आधी सगळी पॅनेल पुसून चकचकीत केली गेली, तेव्हा ती टेप निघाली. त्यानंतर काही दिवसांनी हे झालं. फॉर्मवर लिहिलं गेलं: कारण, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, उपाय, ऑपरेटरला समज दिली. मामा त्या कागदावर सही करताना काही बोलले नाहीत. टेपचा उल्लेख कुठेच नव्हता. मला त्या दिवशी आलेला राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि जावा अशी इच्छाही नाही.

ती टेप आणि आल्फॉन्स चॅपनिसचं रबरी चाक यांत मला काही फरक दिसत नाही. चॅपनिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, अमेरिकी सैन्याच्या ओहायोतल्या राइट फील्डवर काम करत होता. तिथल्या अधिकाऱ्यांपुढे एक कोडं होतं. बी-१७ बॉम्बफेकी विमानं मोहिमेवरून सुखरूप परत येत, धावपट्टीवर नीट टेकत, आणि मग वैमानिक आपल्याच हाताने चाकं आत घेई. विमान पोटावर घासत जाई. बी-२५ आणि पी-४७ या विमानांचंही तेच. सी-४७ या मालवाहू विमानात मात्र असं कधी होत नव्हतं. वैमानिक तेच, प्रशिक्षण तेच, थकवा तोच; मग एका विमानात चुका आणि दुसऱ्यात नाहीत, हे कसं? चॅपनिसने कॉकपिटमध्ये बसून पाहिलं. बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली येणाऱ्या झडपांचा, खटका शेजारी शेजारी होते आणि दिसायला एकसारखे. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात. हात एक खटका चुकला की चाकं आत. सी-४७ मध्ये या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब होत्या आणि त्यांची रचनाही वेगळी होती.

त्याने चाकांच्या खटक्याच्या टोकाला छोटंसं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. आता अंधारात, हातमोज्यांतून, डोकं दुसरीकडे असतानाही बोटांना कळायला लागलं की आपण काय धरलं आहे. हा उपाय इतका टिकला की आजही अमेरिकेच्या विमान-नियमांत प्रवासी विमानाच्या चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपच्या दांड्याची मूठ पंखाच्या छेदासारखी असावी असं लिहिलेलं आहे. पुढच्या खेपेला कॉकपिटचा फोटो दिसला तर पुढच्या पॅनेलवर शोधा, ते छोटं चाक बहुतेक सापडेलच.

युद्ध संपल्यावर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी वैमानिकांनाच विचारलं, की विमानाची दांडी-बटणं हाताळताना तुमच्याकडून किंवा तुमच्यासमोर कुणाकडून काय चुकलं ते सांगा. ४६० प्रसंग गोळा झाले आणि १९४७ मध्ये अहवाल आला. त्यातले सुमारे निम्मे प्रसंग एकाच जातीचे निघाले: हवं ते सोडून भलतंच धरलं गेलं. त्यात एक तक्ता आहे, तो पाहून कुणालाही हसू येण्याऐवजी काळजी वाटेल. थ्रॉटल, पंख्याचा दांडा आणि इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा हे तिन्ही बी-२५ मध्ये याच क्रमाने होते. सी-४७ मध्ये आधी पंखा, मग थ्रॉटल, मग मिश्रण. सी-८२ मध्ये आधी मिश्रण, मग थ्रॉटल, मग पंखा. एकाच सैन्यातला वैमानिक आज एकात बसे, उद्या दुसऱ्यात. फिट्स आणि जोन्स यांनी माणसांना दोष देत बसण्याऐवजी दांड्यांकडे बोट दाखवलं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या मोठ्या माणुसकीच्या कामांत या रूक्ष अहवालाची गणना व्हायला हवी.

एवढं सगळं १९४७ मध्ये कळलेलं असताना १९९० मध्ये नॉब शेजारी शेजारी का होते? ए-३२० बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. नॉबच्या मुठींचे आकार त्यांनी वेगवेगळे ठेवलेले आहेत. पण बंगळूरमध्ये खरी अडचण नॉबनंतर सुरू झाली, असं मला वाटतं. हात चुकला, तो कधीतरी चुकणारच. चुकल्यानंतर कॉकपिटमध्ये काय बदललं? एका छोट्या खिडकीत ७०० दिसायचे ते दुसऱ्या छोट्या खिडकीत दिसले. समोरच्या पडद्याच्या माथ्यावर काही अक्षरं बदलली. आणि थ्रॉटलचे दांडे जागचे हलले नाहीत.

हा शेवटचा मुद्दा नीट सांगते. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक तोवर बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३०० उडवत आलेले. त्या विमानांत स्वयंचलित यंत्रणा इंजिनांचा जोर कमी करते तेव्हा दांडेही खरोखर मागे सरकतात. तळहाताखाली ते सरकणं जाणवतं, डोळ्यांच्या कडेला दिसतं. ए-३२० मध्ये दांडे एका खाचेत बसवून ठेवायचे आणि जोराचं कमी-जास्त संगणकाने आतल्या आत करायचं. एअरबसचं म्हणणं, पडद्यावरची अक्षरं वाचा, तीच खरी. म्हणणं तर्काला धरून आहे. ए-३२० ने त्यानंतर जगभर जी कामगिरी केली आहे ती पाहता त्या रचनेला सरसकट वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. तरी, ज्या हाताला वर्षानुवर्षं दांड्यांनी खबर दिली, त्या हाताची खबर एका महिन्यात काढून घेतली आणि त्याच्याऐवजी चार अक्षरं दिली, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता.

बंगळूरला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, २० जानेवारी १९९२ च्या रात्री, ल्योंहून स्ट्रासबुर्गला उतरणारं फ्रान्सच्या एअर इंटर कंपनीचं ए-३२० मों सेंत-ओदिलच्या बर्फाळ उतारावर आदळलं. ९६ जणांतले ८७ गेले. या वेळी नॉब बरोबर होता, चौथाच. पण त्या चौथ्या नॉबला दोन अर्थ आहेत. एका बटणाने ठरतं की आकडा कोनाचा समजायचा की दराचा. उणे ३.३ अंशांनी उतरायचं होतं. त्या वेगाला ते मिनिटाला साधारण ८०० फूट होतं. विमान मिनिटाला ३,३०० फुटांनी उतरलं. कोनाच्या अवस्थेत खिडकीत ‘-३.३’ दिसायचं, दराच्या अवस्थेत ‘-३३’, शेवटची दोन शून्यं गाळून. फरक एका टिंबाचा, रात्री, ढगांत, उतरण्याची धांदल चालू असताना. चौकशी समितीने इतर शक्यताही तपासल्या, पण ही गफलत सर्वांत संभवनीय धरली. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र त्या कंपनीने विमानात बसवलेलं नव्हतं. नंतर एअरबसने खिडकी बदलली. आता दर पूर्ण चार आकड्यांत दिसतो. दोन शून्यं तेव्हाच का लिहिली नाहीत, हा प्रश्न मला पॅनेल बसवणारी म्हणून फार छळतो. जागेचा प्रश्न असेल, खर्चाचा असेल. खिडकी अर्धा इंच रुंद करायला कुणी नाही म्हटलं असेल, अशा नकारांच्या बैठकींत मीही बसलेली आहे.

माणसं न मरताही हे घडतं, आणि त्या गोष्टी लवकर विसरल्या जातात. सप्टेंबर २०११ मध्ये नाहाहून टोकियोला निघालेल्या जपानच्या ऑल निप्पॉन कंपनीच्या बोइंग ७३७-७०० मध्ये कॅप्टन प्रसाधनगृहात गेला. तो परत आल्यावर दार उघडण्यासाठी को-पायलटने दाराचा खटका समजून रडर ट्रिमचा, म्हणजे शेपटीचं सुकाणू थोडं वळवून ठेवण्याचा, नॉब फिरवला. त्याआधी तो ७३७-५०० उडवायचा आणि त्यात दाराचा खटका वेगळ्या जागी होता. विमान डावीकडे कलत कलत १३१ अंशांहून जास्त फिरलं, म्हणजे जवळजवळ उताणं झालं. ते सावरलं, दोन हवाई सुंदऱ्यांना किरकोळ दुखापत झाली, एवढ्यावर निभावलं. १९८७ मध्ये लॉस एंजलिसहून उडालेल्या डेल्टाच्या बोइंग ७६७ मध्ये कॅप्टनच्या हातून दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे खटके बंद झाले. त्याला हवे होते ते जवळचेच दुसरे. खाली समुद्र होता. इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर त्या खटक्यांच्या मांडणीत बदल करायला लावले गेले.

इंधनाच्या खटक्यांचा विषय निघाला की अहमदाबाद आठवल्याशिवाय राहत नाही. १२ जून २०२५ च्या त्या अपघातात २६० माणसं गेली. डोंबिवली, बदलापूर, पनवेल इथल्या घरांतली विमानात काम करणारी मुलं-मुली त्यात होती. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही क्षणांतच इंधनाचे दोन्ही खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद झाली, एका वैमानिकाने दुसऱ्याला तू बंद का केलंस असं विचारलं आणि दुसऱ्याने मी नाही केलं असं उत्तर दिलं, एवढं त्यात होतं. कारण दिलेलं नव्हतं. ते खटके साध्या धक्क्याने हलत नाहीत, आधी वर उचलावे लागतात, हेही खरं. मी याबद्दल काहीही अंदाज करणार नाही. पण त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून टीव्हीवरच्या चर्चांपर्यंत ज्या सहजतेने दोन मृत माणसांवर निकाल दिले गेले, ते बघून मला मामांची सही आठवली.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर हे लिहिणं अप्रामाणिक ठरेल. नुसती रचना सुधारून भागतं का? ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला कोरियाच्या एशियाना कंपनीचं बोइंग ७७७ धावपट्टीच्या अलीकडच्या बंधाऱ्याला धडकलं. ३०७ जणांतले तिघे गेले. या विमानात थ्रॉटलचे दांडे हलतात. माझ्या आवडीची रचना. तरीही गोष्ट जवळजवळ बंगळूरचीच. वैमानिकाने निवडलेली अवस्था त्या क्षणाला चुकीची होती, त्याने दांडे मागे ओढले आणि त्यामुळे स्वयंचलित थ्रॉटल अशा स्थितीत गेला की वेग कितीही पडला तरी तो स्वतःहून जोर वाढवणार नव्हता. दोघांनाही वाटत होतं की यंत्र वेग सांभाळतंय. १३७ नॉट ठेवायचा होता, तो १०३ पर्यंत उतरला. हलणारे दांडे तिथे मागेच पडून होते आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि पोखरा. १५ जानेवारी २०२३ ला काठमांडूहून आलेलं यती एअरलाइन्सचं एटीआर ७२, दोन आठवड्यांपूर्वीच सुरू झालेल्या नव्या विमानतळावर उतरताना सेतीच्या दरीत कोसळलं. ७२ जण होते, एकही वाचला नाही. विमान उडवणाऱ्या वैमानिकाने फ्लॅप ३० मागितले. दुसऱ्या वैमानिकाने ‘फ्लॅप ३०’ असं उत्तर दिलं. फ्लॅप हलले नाहीत. त्याऐवजी शेजारचे, पंख्यांचे दोन्ही दांडे मागे ओढले गेले. पंख्यांची पाती वाऱ्याला कडेने उभी राहिली आणि दोन्ही इंजिनं चालू असूनही पुढे ढकलणारा जोर शून्य झाला. थोड्या वेळाने फ्लॅप खरोखर ३० वर नेले गेले. पण पंख्यांचे दांडे कुठे आहेत हे कुणी पाहिलं नाही. थ्रॉटल पुढे केले, जोर आला नाही. इंजिनाला ताकद नाही, असं विमान उडवणाऱ्या वैमानिकाने सांगितलं. चॅपनिसनंतर ऐंशी वर्षांनी, दांड्यांच्या मुठी वेगवेगळ्या असतानाही हे झालं. तोंडाने बरोबर उच्चारलं, म्हणून हातानेही बरोबरच केलं असणार, असं मन समजून गेलं.

बंगळूर, सॅन फ्रान्सिस्को आणि पोखरा हे तीन अपघात शेजारी ठेवले आणि मला एक गोष्ट दिसली, ती मी कुठे ठळकपणे लिहिलेली वाचली नव्हती. तिन्ही वेळा लख्ख उजेड होता आणि धावपट्टी नजरेसमोर होती. तिन्ही वेळा डाव्या खुर्चीत शिकणारा किंवा तपासला जाणारा कॅप्टन होता: बंगळूरला तपासणी, सॅन फ्रान्सिस्कोला या विमानाची सवय, पोखराला विमानतळाची ओळख. आणि तिन्ही वेळा उजव्या खुर्चीत शिकवणारा, ज्येष्ठ, जाणता माणूस होता. बंगळूर आणि पोखरा इथे भलत्या गोष्टीवर गेलेला हात त्या जाणत्या माणसाचाच असल्याचं चौकशीत दिसलं.

नवशिका बघून, थबकून, मनात बोलून बटण दाबतो. मुरलेल्या माणसाचा हात नजरेच्या आधी पोहोचतो. तेच तर त्याचं कसब. मामांचंही तेच होतं. त्यात शिकवणाऱ्याची नजर समोरच्या यंत्राइतकीच शेजारच्या माणसावर असते. त्याने आत्ता काय केलं, का केलं, आता टोकावं की थांबावं, हे सगळं डोक्यात चालू असताना ‘फ्लॅप ३०’ हे मागणं येतं आणि हात आपलं आपण काम उरकतो. अशा हाताला ‘काळजी घ्या’ म्हणून काय होणार? काळजी तो घेतच असतो, फक्त ती दुसऱ्याची असते. शिवाय शेजारी बसलेला शिकाऊ आपल्या गुरूच्या हाताकडे संशयाने पाहत नाही. परीक्षकाने चुकीचा नॉब फिरवला असेल हा विचार परीक्षा देणाऱ्याच्या मनात कुठून येणार? दोन वैमानिक एकमेकांवर नजर ठेवतात या तत्त्वावर सगळी सुरक्षितता उभी आहे, आणि अशा फेरीत ती नजर एकाच दिशेची होते.

म्हणून मला वाटतं की अशा फेऱ्यांकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. पहिल्या काही फेऱ्यांत मागच्या खुर्चीवर तिसरा वैमानिक बसवण्याची पद्धत काही कंपन्यांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानातही मागे तिसरा वैमानिक होता आणि विमान फार झपाट्याने उतरतंय असं त्याने एकदा नव्हे, अनेकदा बजावलं होतं. वेग पडतोय हे मात्र त्यालाही वेळेत दिसलं नाही. म्हणजे तिसरा माणूस हा पुरा उपाय नाही. पण नुसत्या बसवण्यापेक्षा त्याला नेमकं एकच काम सांगता येईल: शिकणाऱ्याकडे पाहायचं नाही, शिकवणाऱ्याच्या हाताकडे पाहायचं. शिकवणाऱ्या कॅप्टननेही त्या दिवशी प्रत्येक दांडा धरल्यावर, हलवण्याआधी, त्याचं नाव घ्यायचं, आणि हलवल्यावर मागणं पूर्ण झालं का ते आकड्यावर बघून मगच उत्तर द्यायचं. पोखराच्या कॉकपिटमध्ये ‘फ्लॅप ३०’ हे उत्तर फ्लॅपचा काटा पाहून दिलं गेलं असतं, तर तो काटा तेव्हा १५ वरच होता.